फौजेचं बळ कशात?



आज आपण नायजेरिया या देशाची माहिती घेऊ. आफ्रिका खंडात सर्वांत जास्त लोक याच देशात राहतात. तो १९६० साली स्वतंत्र झाला. १९६४ साली तिथल्या कादुना शहरात फौजेचे अधिकारी तयार करणारी शाळा निघाली. ती उभारायला आपल्या भारतीय अधिकाऱ्यांनी हातभार लावला.

शेजारचं घर पेटलं, की ठिणगी आपल्या छपरावर पडते. नायजेरियाने हे ओळखले. १९९० साली लायबेरियात आपसांत लढाई चालू होती. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांनी मिळून तिथे फौज धाडली. तिच्यात सर्वांत जास्त शिपाई नायजेरियाचे होते.

मग नायजेरियाच्या घरात तरी शांतता असेल ना? तसे नाही. २००९ सालापासून ईशान्य भागात बोको हराम नावाच्या बंडखोरांनी धुमाकूळ घातला. २०१४ साली चिबोक गावच्या शाळेतून त्यांनी २७६ मुली पळवल्या. २०१५ साली चाड, नायजर आणि कॅमेरून या शेजाऱ्यांच्या फौजाही लढायला उतरल्या. पुष्कळ गावे सुटली. पण बंड काही संपले नाही.

असे का? बंदूक गाव सोडवते. पण गाव राखायचे, तर शिपायावर गावकऱ्यांचा भरवसा हवा. पोरांना शाळा हवी, हाताला काम हवे.

म्हणून फौजेचं बळ नुसत्या बंदुका मोजून कळत नाही. शेतकरी बाई निर्धास्तपणे शेतात जाते का, ते आपण आधी पाहावे.