समनूची रात्र

कुरडयांचे दिवस आहेत, घरोघर गहू भिजत पडले असतील. आज आम्ही गव्हाच्याच एका पदार्थाबद्दल बोलणार आहोत. पण तो आपला नाही, इराणचा आहे.

इराणात नवं वर्ष लागतं २० किंवा २१ मार्चला, दिवस आणि रात्र सारखी होते तेव्हा. त्याला नवरोज म्हणतात, म्हणजे नवा दिवस. आपल्याकडच्या पारशी लोकांचा जमशेदी नवरोज तोच. वर्ष लागण्याचा नेमका क्षण दर वर्षी बदलतो, कधी भरदुपारी तर कधी मध्यरात्री. त्या क्षणाला सगळं घर एकत्र बसतं. त्याआधी गालिचे धुवायचे, घर कोपऱ्याकोपऱ्यातून काढायचं. या साफसफाईला तिकडे 'घर हलवणं' असाच शब्द आहे. ते कोण हलवतं, हे आम्ही सांगायला नको.

मग कापड अंथरून 'स'च्या सात वस्तू मांडतात. लसूण म्हणजे सीर, सफरचंद म्हणजे सीब, शिवाय सिरका. आपल्या घटात उगवतो तसा ताटलीत उगवलेला गहू असतो. तो तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात. आणि असतं समनू.

समनूसाठी गव्हाला मोड आणायचे. मुळं पांढरी असतानाच थांबायचं. कोंब हिरवा झाला की कडू लागतं. मग वाटून, पिळून चीक काढायचा, त्यात पीठ कालवायचं आणि मोठं पातेलं चुलीवर चढवायचं. साखर नाही, गूळ नाही. गोडी येते ती मोडांचीच. पण पुष्कळदा रात्रभर ढवळावं लागतं. हात थांबला की करपलं. म्हणून हे एकटीचं काम नव्हे. बहिणी, शेजारणी जमतात, आळीपाळीने ढवळतात, आणि जिच्या हातात डाव ती मनातल्या मनात काही मागून घेते. मग वाट्या घरोघर जातात. उझबेकिस्तानात यालाच सुमलक म्हणतात. तिथे तळाला लागू नये म्हणून पातेल्यात धुतलेले गोटे टाकतात!

आमच्या गटाने यंदा दोन किलो गव्हाचं करून पाहिलं. पहिल्या खेपेला मोड हिरवे झाले, ते शेळ्यांनी खाल्ले. दुसऱ्या खेपेला दुपारी चढवलेलं पातेलं रात्री नऊला उतरलं. रंग अगदी काकवीसारखा.

मनात कसलं ठेवतोय, आम्ही मोठ्यानेच मागितलं. मुलाची नोकरी, लेकीचं बाळंतपण, सासऱ्यांचं ऑपरेशन. सात जणी झाल्या तरी स्वतःसाठी कुणी काही मागेना. शेवटी गटातल्या थोरल्या आत्यांनी डाव घेतला. "माझा गुडघा बरा होऊ दे," त्या म्हणाल्या, "आणि चार दिवस माहेरी जायचंय मला. एकटीला."

क्षणभर सगळ्या गप्प. मग ज्यांची पाळी होऊन गेली होती, त्या पुन्हा डाव मागायला लागल्या. त्या गडबडीत तळाला थोडं लागलंच.