घरचे दप्तर आणि त्याची किल्ली
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृह, वधूवर-परिचय, वृद्धांची देखभाल अशा विषयांचा विचार नेहमी होतो, आणि तो योग्यच आहे. आज आम्ही मांडणार आहोत तो विषय त्या मानाने क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. घरातील कागदपत्रे नीट कशी लावावीत, संगणक व भ्रमणध्वनी यांच्या साहाय्याने त्यांचा पसारा कसा कमी करावा, एवढाच तो विषय. परंतु ज्या घरातील कर्ता माणूस अकस्मात गेला आणि विमा कोणत्या कंपनीचा, ठेव कोणत्या बँकेत, खरेदीखत कोठे, यांपैकी काहीच मागे राहिलेल्यांना ठाऊक नव्हते, त्या घरास हा विषय क्षुल्लक वाटत नाही. दुःखाच्या दिवसांत माळ्यावरच्या पेट्या उपसण्याची पाळी कोणावर येऊ नये, या हेतूने हे चार शब्द आहेत.

आपल्या वाडवडिलांच्या घरी दप्तर असे. रोजकीर्द आणि खतावणी लिहिली जाई. जमिनीचे, देण्याघेण्याचे कागद रुमालात बांधून फडताळात ठेवले जात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जमाखर्चाच्या वहीलाही हळदकुंकू वाहिले जाई. त्या व्यवस्थेत पुष्कळ उणिवा होत्या. वाळवी होती, गळके छप्पर होते. तथापि एक मोठा गुणही होता. दप्तर कोठे आहे हे घरातील प्रत्येकास माहीत असे आणि फडताळाची किल्ली बहुधा घरच्या बाईच्या कमरेच्या जुडग्यात असे. तिला मोडी वाचता येत नसली, तरी अमुक रुमाल आणून द्या म्हटले तर ती आणून देऊ शकत असे.

पुढे आपण शहरांत आलो, दोन-तीन खोल्यांत संसार मांडले. जागा आकसली आणि कागद मात्र वाढले. विजेची बिले, कराच्या पावत्या, बँकांची पुस्तके, विम्याची पत्रे, शिधापत्रिका, गुणपत्रिका, पंख्यापासून दळणयंत्रापर्यंत प्रत्येक वस्तूचे हमीपत्र आणि या सगळ्याच्या झेरॉक्स प्रती! कोणता कागद कामाचा व कोणता निकामी हे ठरविण्याचे धैर्य होत नाही, म्हणून सर्वच राहतात. आणि सर्वच राहिल्यामुळे हवा तो वेळेवर सापडत नाही. हा पसारा आवरण्यासाठी कागदांचे तीन वर्ग करावेत, असे आम्ही सुचवितो.

पहिला वर्ग मूळ स्वरूपातच जपून ठेवावयाच्या कागदांचा. नोंदणीकृत खरेदीखत, गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र, वाटणीपत्र, बक्षीसपत्र हे या वर्गात येतात. मृत्युपत्राविषयी तर विशेष सावध राहिले पाहिजे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांस मान्यता दिली, पण त्यातून मृत्युपत्र स्पष्टपणे वगळले आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे कागदावर करणाऱ्याची सही आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्या लागतात. भ्रमणध्वनीवर बोलून ठेवलेली किंवा टंकून ठेवलेली इच्छा म्हणजे मृत्युपत्र असे समजून कोणी निर्धास्त राहू नये. घर कर्जाऊ घेतले असेल तर मूळ कागद बँकेपाशी असतात. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांच्या आत ते परत करावेत, आणि विलंब बँकेच्या बाजूने झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कर्ज फेडून कागद आणावयास विसरलेल्यांनी तो ध्यानी घ्यावा.

दुसरा वर्ग असा की, ज्याची अधिकृत प्रत आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात केव्हाही मिळू शकते. केंद्र सरकारने २०१५ साली डिजिलॉकर ही सोय सुरू केली. वाहन चालविण्याचा परवाना, वाहननोंदणीचे पत्र, अनेक परीक्षामंडळांच्या गुणपत्रिका त्यात थेट देणाऱ्या खात्याकडून येतात, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये झालेल्या नियमदुरुस्तीप्रमाणे अशा कागदांस मूळ कागदाच्या बरोबरीचे स्थान आहे. येथे एक भेद लक्षात घ्यावा. खात्याने दिलेला कागद निराळा आणि आपण छायाचित्र काढून त्यात स्वतः चढविलेला कागद निराळा. दुसऱ्या प्रकारचा कागद केवळ सोयीची प्रत होय. त्याच्या भरवशावर मूळ कागद फाडून टाकणे आत्मघातकी ठरेल.

शेतजमीन असलेल्या कुटुंबांची तर मोठीच सोय झाली आहे. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या कार्यालयात खेपा घालण्याची सवय आपल्या दोन पिढ्यांना आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा शासनाच्या संकेतस्थळावरून मिळू लागला. जुने उतारे गठ्ठ्यांनी बाळगण्याचे कारण त्यामुळे कमी झाले. पण वर्षातून एकदा ताजा उतारा काढून नावे व क्षेत्र बरोबर आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी आपलीच राहते. मुंबई-पुण्यास राहून गावची जमीन सांभाळणाऱ्यांनी हा परिपाठ अवश्य ठेवावा.

तिसरा वर्ग टाकून देण्याच्या कागदांचा. भरून झालेली जुनी बिले, मुदत संपलेली हमीपत्रे, मोडीत गेलेल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि उगाच काढलेल्या झेरॉक्स प्रती यांस निरोप द्यावा. मात्र ज्यावर आधार किंवा खाते क्रमांक आहे तो कागद बारीक फाडूनच रद्दीत घालावा. दुकानाच्या छापील पावत्यांविषयी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. त्या पुष्कळदा उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात आणि उन्हाने, उबेने काही महिन्यांत कोऱ्या होतात. शीतकपाट किंवा दागिना घेतला, तर त्याच दिवशी पावतीचे छायाचित्र काढून ठेवावे.

आता ठेवण्याची रीत. छायाचित्र दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असे काढावे. प्रत्येक फाइलीस नाव द्यावे आणि नावात वर्ष व महिना आधी, मग विषय लिहावा. उदाहरणार्थ '२०२५-०६ घरपट्टी'. असे केल्याने कागद आपोआप कालक्रमाने लागतात. घर, शेती, बँक, विमा, आरोग्य, शिक्षण असे पाच-सहा कप्पे पुरेत. चाळीस कप्पे केले तर कपाटातला गोंधळ यंत्रात गेला, इतकेच होईल. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. यंत्र बिघडते, चोरीस जाते, पाण्यात पडते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर कागद टाकून ठेवणे म्हणजे जतन करणे नव्हे. तेथे ते शुभेच्छांच्या ढिगाखाली गाडले जातात आणि नको त्यांच्या हातीही पडू शकतात. आधारची प्रत कोणास द्यावी लागली, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते. ती चालत असेल तेथे तीच द्यावी.

येथवर सांगितले ते आपल्यांतील अनेक तरुण मंडळी करीतही असतील. परंतु आमचा मुख्य मुद्दा पुढेच आहे. फडताळातले दप्तर भ्रमणध्वनीत गेले आणि त्याबरोबर त्याची किल्लीही एका माणसाच्या डोक्यात गेली. पूर्वी जी गृहिणी निदान रुमाल तरी आणून देऊ शकत होती, तिला आज पतीच्या भ्रमणध्वनीचे कुलूपही उघडता येत नाही. बँकेचे पत्र घरी येत नाही, विम्याच्या हप्त्याची सूचना दिसत नाही. खाते आहे याचा मागमूसही घरात उरत नाही. पसारा नाहीसा झाला म्हणून आपण समाधान मानतो, आणि त्याबरोबर घराची माहितीही नाहीशी झाली हे ध्यानात येत नाही. कागदी पसाऱ्यात शोधणाऱ्याला उशिरा का होईना, काही सापडे. कुलूपबंद यंत्रात मात्र काहीच सापडत नाही.

याचा परिणाम काल्पनिक नाही. दहा वर्षे कोणी विचारपूस न केलेल्या बँकठेवी रिझर्व्ह बँकेने २०१४ साली स्थापिलेल्या निधीकडे वर्ग होतात. त्या परत मागता येतात आणि त्यांचा शोध घेण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये उद्गम नावाचे संकेतस्थळही सुरू झाले. तथापि जिला ठेव होती हेच माहीत नाही, ती मागणार काय? आपल्या वडिलांच्या वा आजोबांच्या नावाने तेथे एकदा शोध अवश्य घ्यावा.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक कुटुंबाने एक पानभर यादी करावी आणि ती कागदावरच करावी. बँका, विमा, भागभांडवल, पोस्टातील बचत, कर्ज, घर, जमीन, तिजोरी. प्रत्येकापुढे संस्थेचे नाव, मूळ कागदाची जागा आणि नामनिर्देशित व्यक्तीचे नाव. गुप्त शब्द या यादीत लिहू नयेत. ते लखोट्यात मोहोरबंद करून निराळे ठेवावेत. खातेदाराच्या पश्चात त्याचा गुप्त शब्द वापरून पैसे काढणे गैर आहे आणि त्यातून तंटे उद्भवतात. पैसा नामनिर्देशनाच्या व वारसाच्या मार्गानेच यावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकठेवीस चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. भागांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. म्हणून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र ही दोन्ही करावीत.

ही यादी पती-पत्नींनी एकत्र बसून करावी, ही आमची आग्रहाची विनंती आहे. 'तिला त्यातले काय कळते' हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार झाले पाहिजे. जी बाई महिन्याचा संसार पैपैचा हिशेब ठेवून चालविते, तिला ठेवींची यादी न कळण्याचे कारण नाही. मुले बंगळूरला किंवा परदेशी असतील, तर यादीची एक प्रत त्यांच्याकडेही असावी. वडीलधाऱ्यांनीही याकडे अशुभ म्हणून पाहू नये. वर्षातून एक दिवस, पाडव्याचा म्हणा, यादी उघडून त्यात फेरफार करण्याचा रिवाज पाडला, तर वहीपूजनाची जुनी चाल नव्या रूपाने चालू राहील.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. पसारा आवरताना मोडी लिपीतील जुना कागद हाती लागला, तर वाचता येत नाही म्हणून तो रद्दीत जाऊ देऊ नका. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडशः प्रसिद्ध केली, ती अशाच घरोघरच्या दप्तरांतून मिळविलेल्या कागदांवर. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच कार्य करीत आले आहे. अशा कागदाचे छायाचित्र काढावे, मूळ कागद घडी न घालता कोरड्या जागी ठेवावा आणि जाणकाराकडून वाचून घ्यावा. त्यात कदाचित एखाद्या बैलाच्या खरेदीचाच हिशेब निघेल. पण तो आपल्या पूर्वजांच्या हातचा असेल.

मंडळास आमची एक सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी कार्यालयात बसावे आणि ज्येष्ठांना व एकट्या राहणाऱ्या भगिनींना डिजिलॉकर उघडून देणे, उतारा काढणे, नामनिर्देशन तपासणे या कामी साहाय्य करावे. कोणाचाही गुप्त शब्द विचारू नये, कोणाचाही कागद मंडळात ठेवून घेऊ नये, एवढे पथ्य कसोशीने पाळावे. शिष्यवृत्तीस पैसा लागतो, वसतिगृहास जागा लागते. या कार्यास केवळ चार तासांची सवड लागते. ती आपल्या तरुणांनी द्यावी आणि आपण सर्वांनी आपापल्या घरी ते एक पान येत्या पाडव्यापूर्वी लिहून काढावे, एवढी विनंती आहे.