घोड्याला ओकारी का होत नाही?



विषय वाचून काहींनी नाकाला रुमाल लावला असेल. खुशाल लावा. आमची शाळा सातवीला सुटली, ती टांगेवाल्यांच्या संघटनेत पुढे भरली. लिदीचा वास आम्हांला परका नाही. आज बोलायचे आहे ते एका घोडीच्या मरणाविषयी. त्यात आमचा हात होता.

साल १९९४. अड्ड्यावरची एक घोडी सकाळपासून वळून पोटाकडे पाही, पुढच्या पायाने जमीन उकरी. घोडा दिवसातून ८-१० वेळा लीद टाकतो, टांगा ओढता ओढताही टाकतो. हिने रात्रीपासून टाकली नव्हती. पशुवैद्य आणावा तर फी जाणार आणि दिवसाची कमाईही. आम्ही मोठ्या शहाणपणाने म्हणालो, “बाटलीने मिठाचे पाणी पाजा, ओकून मोकळी होईल.” कुत्रा ओकतो, मांजर ओकते; घोडीने काय घोडे मारले?

पुढे पुस्तके चाळली तेव्हा कळले, की ओकणे हे जठराचे काम नव्हेच. हुकूम सुटतो मेंदूच्या तळच्या लंबमज्जेतून. श्वासनलिकेचे दार मिटते, श्वासपटल आणि पोटाचे स्नायू जठराला बाहेरून दाबतात, जठराच्या मुखाशी असलेला स्नायू सैल पडतो आणि अन्न उलटे फिरते. घोड्याचा हा स्नायू विलक्षण बळकट. शिवाय अन्ननलिका जठरात तिरपी शिरते. जठर जितके फुगेल तितके दार घट्ट! (उंदरालाही ओकता येत नाही.) एवढ्या थोरल्या देहाला जठर अवघे ८ ते १५ लिटरचे. लहान आतडे अडले की पाणी मागे तुंबून जठरात चढते. पशुवैद्य नाकातून नळी घालून ते उपसतात. आम्ही वरून आणखी ओतीत होतो.

दुपारी घोडी एकाएकी शांत झाली. मालकाने आमचे पाय धरले. आम्हीही धरू दिले. तासाभरात तिला दरदरून घाम फुटला, पाय लटपटू लागले, आणि दिवेलागणीला ती गेली. पशुवैद्याने पोट उघडून जठराची फाट दाखविली. जठर फाटले की ताण उतरतो, कळ थांबते. जनावर बरे झाले असे वाटते.

त्या महिन्यापासून वर्गणीतला काही भाग पशुवैद्याच्या फीसाठी बाजूला पडू लागला. अड्ड्याच्या भिंतीवर आम्ही खडूने लिहिले : ‘लीद नाही, तर तोबरा नाही. तोंडाने काही पाजू नये. डॉक्टर आणावा.’ त्या निधीची पहिली वर्गणी घोडीच्या मालकाने दिली. पावती घेतली, आणि आमच्याशी एक शब्द न बोलता निघून गेला.