गेटाबाहेरचा कारखाना



डिसेंबरातल्या संध्याकाळी कराडहून तासगावकडं निघालात, तर उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकल्याशिवाय घरी पोचत नाही. पुढं इंजिन, मागं दोन ट्रॉल्या, वाढ्याचे शेंडे रस्त्यावर लोंबतायत, टेप मोठ्यानं चालू. आपण हॉर्न वाजवत बसतो. पण त्या ड्रायव्हरच्या खिशात एक चिठ्ठी असते, आणि आज मला बोलायचंय ते त्या चिठ्ठीबद्दल.

कारखाना म्हटलं की आपल्याला चिमणी आठवते, गव्हाण आठवते, मळीचा वास आठवतो. साखर मात्र बिघडते ती फडात आणि रस्त्यावर. कोयता पडला की उसातली साखर फुटायला लागते, वजन घटायला लागतं. म्हणून जुनी शेतकी मंडळी सांगायची, आज तोडलेला ऊस उद्या या वेळेपर्यंत गव्हाणीत पडला पाहिजे. गेटावर शंभर गाड्यांची रांग लागली तर आतली मिल कितीही नवी असो, उतारा, म्हणजे टनामागं निघणारी साखर, हातातून जातो. आणि एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरते ती उताऱ्यावरच. म्हणजे रांगेत वाळतो तो कारखान्याचा ऊस, आणि तसाच आपला खिसाही.

मग कुणाचा फड कधी तुटायचा, टोळी कुठल्या शिवारात, गाडी किती वाजताची, हे जुळवणार कोण? आजवर जुळवलं ते चिटबॉयनं, म्हणजे ड्रायव्हरच्या खिशातली ती चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसानं, एका वहीवर.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. आडसाली लागण होती, ऑगस्टातली. वहीत महिना लिहायचा होता आठ, पडला दहा. झालं! ऊस आडसालीतून उठून पूर्वहंगामीच्या, म्हणजे मागाहून तुटणाऱ्या उसाच्या, यादीत जाऊन बसला. शेजारच्यांचे फड तुटले, आमचा उभा. तुरे आले, कांडी आतून पोकळ पडायला लागली. चुलते गट ऑफिसला चार हेलपाटे घालून आले. तिथं उत्तर एकच, "काका, वहीत असंच आहे." फेब्रुवारीत तोड आली तेव्हा टनेज बघून घरात दोन दिवस कुणी फारसं बोललं नाही. दोष त्या पोराचाही म्हणता येणार नाही, दिवसाला किती बांध तुडवायचे त्यानं! पण ती नोंद आम्हाला कुणी दाखवलीच नव्हती.

आता बऱ्याच कारखान्यांत वही गेली, फोन आला. चिटबॉय बांधावरून फिरतो, फोनवर कोपरे टिपतो आणि क्षेत्र गुंठ्यात समोर येतं. लागणीची तारीख, जात, गट नंबर, सगळं तिथंच भरतो. गाडी काट्यावर चढली की वजन संगणकात जातं आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज येतो. हा मेसेज पुसू नका. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते दिवस मोजायचे कुठून, हे त्या मेसेजवरच्या तारखेवरनं कळतं.

पण फोन आला म्हणजे चूक गेली, असं नव्हे. चुकीचा गट नंबर वहीत पडला तर एका वहीत राहायचा. फोनवर पडला तर शेतकी विभागापासून बिलापर्यंत एका दमात पोचतो.

ऊस थोडा बाजूला ठेवू, नोंद मालकापर्यंत परत कशी येते ते बघायला भिलवडीला जाऊ. साताऱ्याजवळच्या लिंबचे भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली तिथं दुधाचा धंदा उभा केला. दूध तर उसापेक्षा नाजूक, तासांचा मामला. पुढच्या पिढीनं जनावरांच्या कानात रेडिओ लहरींवर वाचता येणारे बिल्ले घातले. कुठली म्हैस, तिचं वेत कितवं, लस कधी टोचली, याची नोंद संगणकावर ठेवली. मला त्यात आवडलं ते वेगळंच. ही माहिती डेअरीत जाऊन बसली नाही, मेसेज होऊन गोठ्यात परत आली. लसीची वेळ झाली, खुराक बदला. डेअरीचं यंत्र गोठ्यापर्यंत लांबलं आणि गोठेवाल्यालाही त्यातनं काही मिळालं.

द्राक्षाचं तसं नाही. तासगाव, मिरज, पलूसकडच्या निर्यातदार बागायतदारांना ग्रेपनेट, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षाचा माग ठेवणारी संगणकी यंत्रणा, माहीत आहे. शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेनं २००६ साली ते सुरू केलं. बागेची नोंद कृषी खात्याकडं, प्लॉटला नंबर, त्या प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेत, मग पॅकहाऊस, मग कंटेनर. सगळे कागद एकाच धाग्यात ओवलेले. नेदरलँड्सच्या बंदरात पेटी उघडली तरी ती कुठल्या प्लॉटवरची, हे सांगता येतं. २०१० साली द्राक्षात वाढ रोखणाऱ्या एका औषधाचा अंश सापडला आणि युरोपात आपले कंटेनर अडकले, तेव्हा या धाग्याची किंमत सगळ्यांना कळली.

पण धागा एकीकडूनच ओढला जातो. तिकडच्या गिऱ्हाईकाला माझी बाग दिसते. माझी पेटी तिकडं कितीला विकली, हे मला ग्रेपनेटच्या पडद्यावर दिसत नाही. साखळी जोडली म्हणतात ती अजून अर्धीच जोडली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

उसात निदान एक पाऊल उलट्या बाजूनं पडलंय. २०२२ साली साखर आयुक्तालयानं महा-ऊस नोंदणी हे ॲप आणलं. शेतकऱ्यानं आपल्या उसाची माहिती स्वतःच्या फोनवरून भरायची आणि ती कारखान्याकडं जायची, अशी सोय त्यात केली.

तेव्हा श्रोतेहो, यंदा चिटबॉय बांधावर आला की त्याला चहा द्या, आणि तो नोंद पुढं पाठवायच्या आधी फोन आपल्याकडं वळवून घ्या. चष्मा लावा आणि लागणीचा महिना स्वतः वाचा.