बाळाची खुर्ची आणि फडके

उष्टावण झालेल्या बाळाला पूर्वी आजीची मांडी पुरे असे. आता कित्येक घरांत उंच खुर्ची आली आहे. ती पुसणाऱ्या फडक्याकडे मात्र कोण पाहतो? आपला सोलापुरी टॉवेल पाणी छान टिपतो. पण तोच दिवसभर ओला लोंबत राहिला, की त्यात जंतू वाढतात. तेथून ते खुर्चीवर, बाळाच्या मुठीत, तोंडात जातात, मग हगवण.

पाणी जपून वापरायचे ना? आधी खरकटे कोरडेच खरवडा, मग तांब्याभर साबणाचे पाणी पुरते. पट्ट्यांच्या खाचांत खिमट वाळून बसते. तेथे दात घासायचा जुना ब्रश फिरवा. चांगल्या पाण्याने धुऊन खुर्ची अन् फडके उन्हात ठेवा. उन्हाळ्यात ४० अंशांपलीकडे जाणारे आपले ऊन एवढ्या कामी तरी येऊ द्या! खुर्ची प्लॅस्टिकची असेल, तर वाळताच सावलीत घ्या, नाहीतर तडकते.