निळा रंग का फासावा लागला



आज ज्या विषयावर बोलायचं आहे, तो काहींना जेवणाच्या वेळी नकोसा वाटेल. कत्तलखान्यात जनावर कापल्यावर त्याच्या शरीराचे जे भाग माणसाच्या पोटात जाताच कामा नयेत, त्यांचं काय करायचं, हा तो विषय. ब्रिटनला हा धडा फार महागात पडला.

१९८६ च्या नोव्हेंबरात लंडनजवळच्या वेब्रिज इथल्या सरकारी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत गायींचा एक नवाच आजार ओळखला गेला. चांगली दुभती गाय बिचकू लागायची, लाथा झाडायची, चालताना तोल जायचा, आणि शेवटी तिला उभंही राहता यायचं नाही. मेलेल्या गायीच्या मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात स्पंजासारखी भोकं दिसत. आजाराचं शास्त्रीय नाव बोव्हाइन स्पाँजिफॉर्म एन्सेफॅलोपॅथी, थोडक्यात बीएसई. वर्तमानपत्रांनी त्याला ‘मॅड काऊ’ म्हटलं आणि तेच नाव जगभर झालं.

आजार पसरला कसा? कत्तलखान्यात उरलेली हाडं, आतडी, डोकी मोठ्या कारखान्यांत शिजवून, चरबी वेगळी काढून, राहिलेल्या चोथ्याची पूड करत. ती पूड प्रथिनांसाठी गायी-वासरांच्या खाद्यात मिसळत. गवत खाणाऱ्या जनावराला त्याच्याच जातीच्या जनावराचं मांस खाऊ घातलं जात होतं. एका आजारी गायीचा मेंदू अशा पुडीतून शेकडो वासरांच्या गव्हाणीत जाऊ शकत होता.

यामागे ना जिवाणू आहे, ना विषाणू. आहे ते प्रायॉन नावाचं, चुकीच्या घडीत दुमडलेलं प्रथिन. ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच घडी पाडत जातं. या शोधासाठी स्टॅन्ली प्रुसिनर यांना १९९७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. स्वयंपाकघरातली कुठलीही उष्णता प्रायॉनला पुरी पडत नाही. युरोपच्या नियमांत १३३ अंश सेल्सियस, ३ बार दाब आणि २० मिनिटं वाफ, अशी प्रक्रिया सांगितलेली आहे, आणि एवढं करूनही सर्वाधिक धोक्याच्या भागांची पूड खाद्यात वापरता येत नाही. बाधित गायीचा एक ग्रॅम मेंदू तोंडावाटे दिला तरी वासराला आजार होतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. पुढच्या प्रयोगांत तर त्याच्याही हजाराव्या भागाने एक जनावर आजारी पडलं.

हा एक ग्रॅम लक्षात ठेवा. पुढची सगळी कथा त्याच्याभोवतीच फिरते.

ब्रिटिश सरकारने जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना अशी पूड घालायला बंदी केली. सर रिचर्ड साउथवुड यांच्या समितीने १९८९ च्या सुरुवातीला अहवाल दिला, की माणसाला यापासून धोका असण्याची शक्यता फारच कमी दिसते. आपला अंदाज चुकला तर परिणाम अतिशय गंभीर होतील, हेही त्याच अहवालात लिहिलं होतं. लोकांपुढे ठेवलं गेलं ते पहिलं वाक्य. दुसरं मागेच राहिलं.

नोव्हेंबर १९८९ मध्ये मात्र एक फार चांगला नियम आला. सहा महिन्यांवरच्या गुरांचा मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा, थायमस ग्रंथी, टॉन्सिल आणि आतडी माणसाच्या अन्नात वापरायला इंग्लंड आणि वेल्समध्ये मनाई झाली. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त जीव वाचवले असतील तर या नियमाने. मज्जासंस्थेतच तर हा प्रायॉन सर्वाधिक साठतो.

पण नियम कागदावर उतरला, तो कत्तलखान्यात कसा उतरला? तिथलं काम डोळ्यांपुढे आणा. टांगलेलं धड पाठीच्या कण्यातून करवतीने उभं चिरतात. मज्जारज्जू दोन्ही अर्ध्यांच्या कण्याच्या पन्हळीत राहतो. तो कामगाराने सुरीने खरवडून काढायचा. मागून पुढचं धड सरकत येतंय, हात ओले, जमीन निसरडी. बोटभर तुकडा मानेच्या टोकाशी राहून गेला तर त्याला कोण विचारणार? आणि पूर्वी कण्याच्या हाडांना चिकटलेलं मांस यंत्राने दाबून काढत आणि स्वस्त पदार्थांत घालत. राहिलेला तुकडा थेट त्या लगद्यात जाई. ही वाट डिसेंबर १९९५ मध्ये बंद झाली, नियमानंतर सहा वर्षांनी.

काढलेले भाग तरी कुठे जात होते? आधी ते त्याच कारखान्यांत जाऊन डुकरं आणि कोंबड्यांच्या खाद्याची पूड बनत. ते सप्टेंबर १९९० मध्ये थांबवलं गेलं. पण खाद्याच्या गिरण्यांत डुकरांचं खाद्य आणि गायींचं खाद्य एकाच यंत्रांतून निघत होतं. यंत्राच्या कोपऱ्यात राहिलेली चिमूटभर पूड पुढच्या पोत्यात जात होती. गायींच्या खाद्यावर बंदी आल्यानंतर जन्मलेल्या ४० हजारांहून अधिक जनावरांना ब्रिटनमध्ये हा आजार झाला. बाधित मेंदूचा एक ग्रॅमही पुरेसा होता.

म्हणून १९९५ साली ठरलं, की काढलेल्या प्रत्येक भागाला कत्तलखान्यातच ‘पेटंट ब्लू’ नावाचा निळा रंग फासायचा. निळा तुकडा गाडीत, गोदामात, कारखान्यात कुठेही ओळखू येईल. त्याच वर्षी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी न कळवता तपासण्या केल्या. तपासून शिक्का मारलेल्या धडांतही मज्जारज्जूचे तुकडे सापडले.

मे १९९५ मध्ये १९ वर्षांचा एक तरुण मेंदूच्या आजाराने वारला होता. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितलं, की मेंदूच्या अशा नव्या आजाराचे दहा रुग्ण आढळले आहेत आणि त्याचा संबंध बीएसईशी असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. आठवड्याभरात युरोपने ब्रिटिश गोमांसावर बंदी घातली. त्या आजाराने ब्रिटनमध्ये आजवर १७८ माणसं गेली आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी ऐन तारुण्यातली होती.

लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशी आयोगाने ऑक्टोबर २००० मध्ये हे सारं उलगडून मांडलं. त्यातला एक निष्कर्ष मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. सरकार एकीकडे म्हणत होतं, माणसाला धोका नाही, हा नियम केवळ जास्तीची काळजी म्हणून आहे. ते ऐकून सुरी धरणारा, शिक्का मारणारा, गाडी भरणारा, प्रत्येक जण सैल झाला. लोक घाबरतील म्हणून लोकांना धीर दिला, आणि ज्यांच्या हातात लोकांचा जीव होता तेच निर्धास्त झाले. मला हा त्या कामगारांचा दोष वाटत नाही. त्या एका ग्रॅमची किंमत त्यांना कुणी सांगितलीच नव्हती.

आज युरोपात आणि ब्रिटनमध्ये या भागांची यादी नेमकी आहे. वर्षावरच्या गुरांची खालचा जबडा सोडून कवटी, मेंदू, डोळे आणि मज्जारज्जू. जिथे बीएसईचा धोका नगण्य ठरलेला नाही तिथे कुठल्याही वयाच्या गुरांचे टॉन्सिल, लहान आतड्याचे शेवटचे चार मीटर, अंधांत्र आणि आतड्यांना धरून ठेवणारा पडदाही. हे सगळं वेगळ्या डब्यात पडतं, त्याला रंग लागतो, आणि त्याची जागा ‘पहिल्या वर्गात’, म्हणजे मुख्यतः भट्टीत. २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या एअरशरमध्ये एका गायीत बीएसई सापडला तेव्हा ती गाय अन्नसाखळीत शिरलीच नाही.

आपल्या देशात या आजाराची नोंद नाही. दुभत्या जनावरांच्या खाद्यात मांसाची किंवा हाडांची पूड घालायला आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली आहे. पशुखाद्याचं पोतं विकत घेणाऱ्या प्रत्येक शेतकरी बंधू-भगिनीने त्यात काय घातलंय हे दुकानदाराला जरूर विचारावं. विचारायचा संकोच करू नये.

आणि आपल्यातल्या काहींना या कथेची झळ नकळत लागलेली आहे. १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये काही महिने राहिलेल्यांचं रक्त अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया हे देश अनेक वर्षं घेत नव्हते. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत नोकरी करून पुढे अमेरिकेला गेलेले मराठी डॉक्टरही त्यात आले. जन्मभर मांसाला हात न लावलेलेही त्यातून सुटले नाहीत, कारण कुणी काय खाल्लं हे रक्तपेढीला तपासता येत नाही. ही अट २०२२ मध्ये उठली. आपल्या ओळखीत असं कुणी असेल, तर त्यांना एवढं नक्की कळवा, की आता जवळच्या रक्तपेढीत चौकशी करायला हरकत नाही.