दुसरे मत

कर्करोगाचे निदान झाले की आपल्या घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आणखी एका तज्ज्ञास दाखवू. दुसरा म्हणतो, डॉक्टरांना काय वाटेल! ज्याचे दुखणे, त्याला मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या मते हा प्रश्न भिडेचा नव्हेच. गाठीचा काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. तो ठोकळा व त्याच्या काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञाकडे नेता येतात. बहुधा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. १९४१ साली परळला सुरू झालेल्या टाटा रुग्णालयात बाहेरच्या अशा काचपट्ट्या तपासल्या जातात. रोगाचा प्रकार वेगळा निघाला, तर औषधही बदलते. म्हणून गाठ दुर्मिळ असेल, अहवाल संदिग्ध असेल किंवा अवयव गमवावा लागणार असेल, तर दुसरे मत अवश्य घ्यावे. तीव्र रक्तकर्करोगात मात्र एकेक दिवस मोलाचा. तेथे उपचार न थांबवता विचारावे. मनाजोगे उत्तर मिळेपर्यंत दारोदार हिंडणे ही तर निव्वळ टाळाटाळ होय. तेव्हा पहिल्या डॉक्टरांनाच आपण सरळ विचारू या, "किती दिवस थांबलेले चालेल?" जाणता डॉक्टर रागावत नाही, कागदपत्रे स्वतःच काढून देतो. पण त्याआधी रोग्याला विचारू या.